कानाची खूण

हाल्वार्दुर गेला, आणि मागे उरलं ते एवढंच:
सत्तेचाळीस मेंढ्या, एक ट्रॅक्टर,
आणि स्वयंपाकघरात, कॉफीच्या डब्याशेजारी,
पिवळा पडलेला कॉम्प्युटर.
मेंढ्या शेजाऱ्याने नेल्या. ट्रॅक्टर बँकेने.
कॉम्प्युटर आला भाचीकडे, स्टेनवरकडे,
कारण ती ब्लोन्डुओसच्या शाळेत यंत्रं दुरुस्त करते.

एका फायलीचं नाव होतं नुसतं ‘हाउस्त’,
म्हणजे शरद.
पुढे टिंब नाही. टिंबापुढची तीन अक्षरं नाहीत.
दोनदा क्लिक केलं तर यंत्र म्हणालं,
हे कशाने उघडू?

स्टेनवरला हसू आलं.
सहा वर्षांची होती ती, सप्टेंबर होता, नाक गळत होतं,
उन्हाळाभर डोंगरावर मोकाट चरलेली हजार मेंढरं
दगडी गोल कोंडवाड्यात घातलेली.
चाकाला आरे असावेत तशा आत भिंती,
दोन आऱ्यांमधली जागा एकेका घराची.
मामा एकेक मेंढी शिंगाने धरायचा
आणि कान चाचपायचा.
डाव्याचं टोक छाटलेलं, उजव्याला मागून खाच: आपली.
उजवा मधोमध चिरलेला: नदीपलीकडच्यांची.
तोंडाकडे कुणी बघत नव्हतं.
‘वही कानाचंच ऐकते,’ मामा म्हणायचा.

यंत्राची वहीही तशीच.
फायलीच्या पोटात काय आहे ते ते बघत बसत नाही,
नावाच्या टोकाची तीन अक्षरं चाचपतं
आणि ढकलतं त्या त्या कोंडीत.
बरं, ही वही म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे.
काल आलेला एखादा प्रोग्राम
बसल्या बसल्या पन्नास कानांवर आपलं नाव घालतो,
आपण घाईत ‘हो’ म्हटलेलं असतं.
कानामागून आली आणि तिखट झाली,
ती हीच.

एका वर्षी मामाचा हात चुकला.
कोकराचा भलताच कान छाटला गेला
आणि शरदात ते गेलं एगिल्लच्या कोंडीत, नियमाप्रमाणे.
रात्रभर भिंतीपलीकडून ते ओरडलं,
अलीकडून एक मेंढी.
पहाटे एगिल्ल स्वतःच त्याला खांद्यावर टाकून आला.
वही काही म्हणो, म्हणाला,
मला झोप हवी.

तेव्हा स्टेनवरने कान सोडला, आवाज ऐकायचं ठरवलं.
पहिले आठ बाइट उघडून बघितले;
बहुतेक फायली तिथेच आपलं कूळ सांगून मोकळ्या होतात.
ही गप्प.
मेंढ्यांच्या हिशेबाचा कुठलासा प्रोग्राम असणार,
अकुरेरीत कुणीतरी लिहून विकलेला, तीस वर्षांपूर्वी.
तो प्रोग्राम नाही, तो माणूस नाही,
दावणच मोडली, आता जनावर बांधायचं कुठे.

शेवटी तिने साध्या मजकुराची खिडकी निवडली.
खाली बारीक अक्षरांत: नेहमी ह्यानेच उघडू?
शेजारी रिकामा चौकोन.
तो तिने रिकामाच ठेवला.

चौकोन, चौकोन, प्रश्नचिन्ह, उलटंपालटं अक्षर,
मग दगडांतून गवत यावं तसं
फ्लेक्का. चौकोन. गोल्सा, दोन कोकरं. चौकोन चौकोन.
बोत्ना लंगडते.
आणि खूप खाली, कचऱ्याच्या ढिगाआड,
‘काळं स्टेनवरला द्यायचं.’

दिलं होतं का?
तिला आठवेना. आईला फोन लावला, तिलाही नाही.

नावापुढे टिंब देऊन तीन अक्षरं लिहावीत,
कुठलीही, म्हणजे पुन्हा प्रश्न नको,
असं मनात आलं तिच्या. बोट टिंबावर गेलंही.
मग आठवलं, बिनखुणेचं मेंढरू सापडलं
की मामा म्हणायचा, हे कुणा एकाचं नाही,
गावाचं आहे, त्याला चारा सगळ्यांनी द्यायचा.

तिने बोट उचललं.
कान तसाच राहू दिला.